दुसऱ्या बाजूची तीन मिनिटं

लातूर
२ जून २०२५

ति. दादास,
महामायाचा सविनय जयभीम. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. काळ्या मार्करने, एका ओळीत चारच शब्द, असं मोठं लिहितोस ते बरं करतोस. पोस्टमनला वाटतं मला कुणी निवडणुकीची पत्रकं पाठवतंय. पण वाचता येतं, हेच पुष्कळ. मीही आता पुठ्ठ्याला लांबट खाच कापून तिच्यात पेन धरून लिहिते. ओळ चढली-उतरली तर हसू नकोस. तू कंडक्टर होतास तेव्हा तुझं वेबिल तरी डेपोत कुणाला वाचता यायचं.

डोळ्यांचं विचारलंस म्हणून सांगते. काचबिंदू आहे. डॉक्टर म्हणाले, बाई, तुम्ही स्वतः नर्स आणि इतक्या उशिरा आलात. त्यांचं खरं आहे. छत्तीस वर्षं लोकांच्या डोळ्यांत थेंब टाकले, स्वतःच्या डोळ्यांना काही होईल असं मनातच आलं नाही. गेलेली नजर परत येत नाही, आणि उरलेली किती दिवस टिकेल ते सांगता येत नाही म्हणाले. सध्या बांगडीएवढ्या गोलातून बघते. तो गोलही दर महिन्याला लहान होतोय.

म्हणून एक मागणं आहे. तुझं स्वरयंत्र काढलं त्याला दोन वर्षं झाली. ते गळ्याला लावून बोलायचं मशीन तू फोनवर लावलंस आणि मी फोन ठेवून दिला, त्याचा तुला राग आला होता हे मला माहीत आहे. काय करू, तो आवाज तुझा नव्हता. आता पत्रंही थोड्या दिवसांची आहेत. नजर गेल्यावर माझ्याकडे तुझं काय राहणार? तुझ्या गायन पार्टीच्या सीड्या तुझ्याकडे आहेत, त्या मला कॅसेटवर भरून दे. परवा तुझा धम्मदीप मोंढ्यात, धान्यबाजाराच्या कामाने इकडे आला होता. म्हणाला, आत्या, पेन ड्राइव्हवर टाकून देतो, लई सोपं हाय. पोरगा भला आहे, पण त्याच्या सोप्यात मला काही दिसत नाही. माझ्या टेपची बटणं बोटांना पाठ आहेत.

त्याच्याबरोबर माझ्या ट्रंकेतल्या चौदा कॅसेट पाठवल्या आहेत. कोऱ्या कॅसेट आता कुठे मिळत नाहीत, यातल्याच वापर. फक्त एक कर. यात माझ्या पंचूची एक असणार. ती जायच्या आदल्या वर्षी, मी ड्युटीवर गेले की पोरगी टेपसमोर बसून गायची, काहीबाही बोलायची. मी विचारलं की म्हणायची, पूर्ण झाल्यावर ऐकवीन. मग कावीळ झाली आणि एकोणिसाव्या वर्षी गेली. बावीस वर्षं मला ती ट्रंक उघडवली नाही. उघडली तेव्हा नावं वाचायला डोळे नाहीत, आणि एकटीने एकेक लावून बघायचा धीर होत नाही. तू सगळ्या ऐक. तिची सापडली की बाजूला काढ. तुझी गाणी मला हवीच आहेत दादा, पण तिचा आवाज त्याच्या आधी हवा आहे.

वहिनीला जयभीम. लोभ आहे तो कमी होऊ देऊ नकोस.

तुझी,
माया


नांदेड
२१ जून २०२५

चि. मायास,
अनेक आशीर्वाद आणि सप्रेम जयभीम. वि. वि.

पिशवी मिळाली. आधी तुझ्या कामाचं सांगतो. चौदातल्या आठांवर नावं होती. त्या मी एकेक ऐकल्या. दोन लग्नाच्या, तीन विहारातल्या वंदनेच्या, एकीत तुझ्या दवाखान्यातल्या बायकांचं हळदीकुंकवावरून झालेलं भांडण कुणीतरी भरून ठेवलंय, ते मी दोनदा ऐकलं. उरलेल्या दोन चिकटून खराब झाल्या आहेत. पंचूची त्यात नाही. राहिल्या सहा. त्यांच्यावर लाल शाईने 'कोरी' लिहिलेलं आहे आणि ते अक्षर माझंच आहे. तेव्हा मी कॅसेटचं खोकंच आणायचो आणि पार्टीतल्या लोकांनी घोळ घालू नये म्हणून आधीच चिठ्ठ्या चिकटवायचो. त्यातल्या तुझ्या घरी आलेल्या असतील. त्या ऐकायची गरज नव्हती.

आता माझ्या कारखान्याचं ऐक. स्टीरिओ तोच, तीन सीड्या बसणारा. कॅसेटच्या कप्प्यातला रबरी पट्टा सैल पडला होता, गाणं म्हशीसारखं रवंथ करत चालायचं. वजिराबादेतल्या सिद्धलिंग मेकॅनिककडे नेला. त्याने आधी तो उघडला आणि मग माझ्याकडे बघून म्हणाला, काका, हे लावून राहिले कोण आजकाल. मी पाटीवर लिहून दिलं, माझी बहीण. मग त्याने कुठूनतरी पट्टा शोधून बसवला.

सीड्या चारच धड आहेत. दोन हजार सहा साली आम्ही त्या भरून घेतल्या तेव्हा भरणारा म्हणाला होता, शंभर वर्षं काही होत नाही. वीसही झाली नाहीत आणि कडेने ढगाळल्यात. तिसरं गाणं अडखळतं, मग मी सीडी ओल्या फडक्याने आतून बाहेर पुसतो, पुन्हा पहिल्यापासून लावतो. यात घाई चालत नाही. अर्ध्या तासाचं गाणं भरायला अर्धा तासच लागतो. कॅसेट आधी पुढे फिरवून सुरुवातीची पांढरी पट्टी सरकवायची, लाल बटण आणि प्ले एकदम दाबून वर पॉज लावायचा, सीडी सुरू करायची आणि पहिला ठेका पडायच्या आत पॉज सोडायचा. तेवढं एक काम मला अजून कुणाहीपेक्षा चांगलं जमतं. मशीनला खोलीतला आवाज जात नाही हे मला ठाऊक आहे, तरी मी तुझ्या वहिनीला कुकर लावू देत नाही. ती म्हणते, स्वतःला बोलता येत नाही तर आम्हालाही बसवून ठेवलं.

पहिली कॅसेट तयार झाली आणि धम्मदीपच्या हाती पाठवतो आहे. पहिली बाजू शेवटच्या वेढ्यापर्यंत भरली. दुसऱ्या बाजूला चारच गाणी बसली, पाचवं अर्धं तुटलं असतं म्हणून घेतलं नाही, चार-पाच मिनिटं टेप मोकळी आहे. एक गंमत सांगतो. या कॅसेटच्या वरच्या कडेच्या दोन बारीक प्लास्टिकच्या पट्ट्या मोडलेल्या होत्या. भरलेली कॅसेट चुकून पुसली जाऊ नये म्हणून त्या मोडतात, ठाऊक आहे ना? कोऱ्या कॅसेटच्या कुणी मोडाव्यात? ट्रंकेत आपटून मोडल्या असतील. लाल बटण दबेना, म्हणून दोन्ही खाचांवर चिकटपट्टी लावली आणि भरली. झाल्यावर पट्टी काढून टाकली. आता तुझं बोट चुकून लाल बटणावर गेलं तरी माझा आवाज पुसला जाणार नाही.

गळ्याचं ठीक आहे. पातळ जेवण उतरतं. पंचूसाठी वाईट वाटलं. पोरीने त्या कॅसेटचं काय केलं कोण जाणे. कुणा मैत्रिणीकडे राहिली असेल. मनाला लावून घेऊ नकोस.

आठवण ठेवतेस, ठेवत राहा.

तुझा,
दादा


लातूर
२ जुलै २०२५

ति. दादास,
सविनय जयभीम. वि. वि.

कॅसेट मिळाली. काल दुपारी लावली. माझी भाडेकरू वर्षाराणी, ती शाळेतली बाई, तीही येऊन बसली. तुझा पहिला आलाप आला आणि मी तिला म्हटलं, हा माझा भाऊ. तिला खरं वाटेना. म्हणाली, हे ते गळ्याला रुमाल बांधून आलेले काका? मी म्हटलं, तेच. हिमायतनगरला लाइट गेली तेव्हा माइक बंद पडला आणि मागच्या बैलगाड्यांपर्यंत लोक हलले नाहीत, तेही सांगितलं. जरा वाढवूनच सांगितलं. शेवटचं गाणं झालं तशी तिने उठून टेप बंद केला.

तिसरं गाणं अजून जरा अडखळतं, पण ते मी तुला माफ केलं. तिथे तू दम घेतोयस असंच वाटतं. पंचूचं वाचून मात्र जेवण गेलं नाही. मैत्रिणीकडे कशी राहील? ती कुणाला हात लावू देत नव्हती. असो.

३ जुलै

दादा, पत्र पाकिटात घालायचं राहिलं होतं म्हणून बरं झालं. आज मी एकटीच होते. दुसरी बाजू लावली. गाणी संपली, पण मला उठून बंद करायचा कंटाळा आला, आणि टेप फिरतोय की थांबलाय ते मला कुठे दिसतं. खट्ट आवाज येईपर्यंत बसून राहिले. आणि पंचू बोलली.

किती लबाड आहेस. ही तुझी जुनीच खोड. प्रत्येक कॅसेटच्या शेवटी काहीतरी लपवून ठेवायचास, कधी धम्मदीपचं बोबडं बोलणं, कधी गाडीतल्यासारखं हदगाव हदगाव ओरडणं. पत्रात नाही म्हणून लिहायचं, मैत्रिणीचं नाव पुढे करायचं आणि इथे पोरीला आणून बसवायचं. मला केवढं रडू आलं आणि मी केवढी हसले. पाच वेळा ऐकलं. गाण्याची ओळ म्हणता म्हणता चुकते, स्वतःलाच हसते, म्हणते इथे मामा टपली मारील. मग आमच्या गेटची कडी वाजते. मग बाहेरून एक बाई हाक मारते की दार उघड गं, हातात भाजी आहे. दादा, ती बाई मी आहे. मला माझा आवाज ओळखायला दोनदा ऐकावं लागलं. किती तरणी होते. मग पंचू हळू म्हणते, आई आली, राहिलेलं उद्या. आणि बंद.

वर्षाराणी शाळेतून आल्यावर तिच्याकडून घड्याळ लावून मोजून घेतलं, तीन मिनिटं. हा नुसता तुकडा दिलास ते समजलं. आता पूर्ण पाठव. वेगळी कॅसेट कर, तुझी गाणी त्यात नकोत, रागावू नकोस. ती कॅसेट तू शोधून काढलीस याचं मी कसं फेडू ते मला समजत नाही. माझे डोळे आज गेले तरी चालतील.

उत्तर लवकर दे, आणि लोभ तर तू दुथडी भरून दिलास.

तुझी,
माया


नांदेड
१४ जुलै २०२५

चि. मायास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र मिळालं. स्टीरिओचा पट्टा पुन्हा सैल झाला आहे. सिद्धलिंग गावाला गेला आहे. सविस्तर मागाहून लिहितो. इकडे सर्व ठीक. तू औषध वेळेवर घाल.

दादा


लातूर
२८ जुलै २०२५

ति. दादास,
सविनय जयभीम. वि. वि.

एवढं छोटं पत्र तू मला आयुष्यात लिहिलं नव्हतंस. तुझी तब्येत बिघडली का? वहिनीला फोन केला तर ती म्हणाली, जेवत नाहीत, दिवसभर कॅसेट ऐकून राहिलेत. कुठल्या कॅसेट? मी समजले. पंचूची ऐकत असशील. त्यात माझ्याबद्दल काही वाईट बोलली आहे का? बोलली असेल. डी.एड.ला घातलं म्हणून माझ्यावर चिडलेली होती, तिला गाणं शिकायचं होतं. तुला वाटत असेल की मला लागेल. मला काही लागणार नाही. शिव्या दिल्या असतील तर शिव्या पाठव.

गोल आता रुपयाएवढा राहिला आहे. हे पत्र लिहायला दोन दिवस लागले. नवा पट्टा मिळत नसेल तर स्टीरिओच धम्मदीपबरोबर इकडे पाठव, इथे कुणी बसवून देईल. लोभ आहेच, फक्त आता वाट बघायला लावू नकोस.

तुझी,
माया


नांदेड
६ ऑगस्ट २०२५

चि. मायास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

पट्टा सैल झालेला नाही. सिद्धलिंगही गावाला गेलेला नाही. तीन आठवडे खोटं सांभाळलं, आता सांभाळवत नाही.

पंचूला मी शेवटी ठेवलं नाही. ती तिथे उरली. तुला पाठवली तीच तिची कॅसेट होती, आणि तिच्यावर मी माझी गाणी भरली. पहिली बाजू पूर्ण गेली. दुसरी बाजू जेवढी माझ्या गाण्यांखाली आली तेवढी गेली. चौथं गाणं संपलं की मी बटण दाबून बंद केलं, म्हणून पुढची तेवढी राहिली. माझं पाचवं गाणं बसलं असतं तर तीही राहिली नसती, आणि तुला-मला कधी समजलंही नसतं. मी भरल्यावर फक्त सुरुवातीचं गाणं तपासलं होतं. माझा आवाज नीट आला एवढं बघितलं आणि खूश झालो.

त्या मोडलेल्या पट्ट्यांचं मी तुला गंमत म्हणून लिहिलं होतं. त्या ट्रंकेत मोडल्या नाहीत. त्या पंचूने मोडल्या. हे तुझं पत्र वाचल्याबरोबर मला आठवलं. बारावीच्या सुट्टीत ती इथे आली होती. मी तिला कॅसेट भरायला शिकवलं आणि सांगितलं, पोरी, जे जपायचं आहे त्याच्या या दोन पट्ट्या टाचणीने मोडायच्या, मग कुणी पुसू शकत नाही. जाताना 'कोरी' लिहिलेल्या तीन कॅसेट तिला मीच दिल्या. तिने माझी चिठ्ठी तशीच राहू दिली, बहुतेक तू ऐकू नये म्हणून. मी शिकवलेलं तिने बरोबर लक्षात ठेवलं. मी विसरलो. तिने लावलेल्या कुलपावर मी माझ्या हाताने चिकटपट्टी लावली.

तू लिहिलं होतंस, सगळ्या ऐक. मी सगळ्या ऐकल्या नाहीत. अक्षर माझं आहे म्हणून ऐकल्या नाहीत, याहून दुसरं कारण नाही. माझ्या अक्षराला मी चुकीचं मानत नाही, हा माझा स्वभाव तुला ठाऊक आहे.

सिद्धलिंगकडे जाऊन आलो. पाटीवर सगळं लिहून विचारलं, खालचं परत निघतं का. तो बराच वेळ वाचत बसला. मग म्हणाला, न्हाई काका, नवं चढायच्या आधीच मशीन जुनं पुसतं, खाली काही राहत नाही. परभणीच्या एकाकडे फोन लावून त्यालाही विचारलं. तोही तेच म्हणाला. मग उरलेल्या पाच 'कोरी' कॅसेट दोन्ही बाजूंनी शेवटपर्यंत ऐकल्या, दोन-तीनदा ऐकल्या. एखादं वाक्य इकडे असेल असं वाटत होतं. सगळ्या खरोखर कोऱ्या आहेत. तुझ्या वहिनीने सांगितलं ते हेच.

त्यात ती काय बोलली होती ते मला माहीत नाही. तुला सांगायला माझ्याकडे काहीच नाही. मला रडताना आवाज येत नाही, त्यामुळे घरात अजून कुणाला समजलेलं नाही.

माफ कर असं लिहीत नाही. काय वाटेल ते लिही, पण लिही.

तुझा,
दादा


लातूर
१ सप्टेंबर २०२५

ति. दादास,
सविनय जयभीम. वि. वि.

हे पत्र वर्षाराणी लिहिते आहे, शब्द माझे आहेत. तुझं पत्रही तिनेच वाचून दाखवलं. मी कागद तोंडाजवळ धरून बघितला, पण तुझं मोठं अक्षरही आता नुसतं काळं दिसतं. पहिलं पान वाचून ती थांबली. मी म्हटलं, वाच.

रागावले नाही असं लिहायला सांगणार होते. पण तिच्या हातून खोटं कशाला लिहवून घ्यायचं. रागावले आहे. पाच आठवडे मी लोकांना सांगत होते की माझी पोरगी सापडली. तू मुद्दाम केलं नाहीस हे मला कळतं. त्याने राग कमी होत नाही, फक्त काढायला जागा राहत नाही. तू जेवत नाहीस असं ऐकलं. जेव. तू उपाशी राहून माझं काही परत येणार नाही.

त्या दिवशी मी दवाखान्यातून जरा उशिरा आले असते तर तिचं बोलणं आणखी दोन मिनिटं चाललं असतं. पुढे तेवढी टेप मोकळी फिरते, मी मोजून घेतलं आहे. घाईने भाजी घेऊन आले आणि दारात हाक मारली. म्हणजे थोडं तू पुसलंस आणि थोडं मी थांबवलं. हे मी तुला बरं वाटावं म्हणून सांगत नाही.

बाकीच्या सीड्या भरू नकोस. दुसरी कॅसेट पाठवू नकोस. जी आहे ती मी रोज दुपारी चार वाजता लावते, माझी ड्युटीवरून यायची वेळ होती ती. आधी पुढे फिरवून थेट तिच्यापाशी जायचं बघितलं, पण फिरवताना एकदा टेप आत गुंतली. बोटांनी चाचपत सोडवली. तुटली असती तर तेवढंही गेलं असतं. म्हणून आता फिरवत नाही. दुसरी बाजू पहिल्यापासून लावते आणि तुझी चारही गाणी ऐकते.

दादा, पूर्वी तू गायला उभा राहिलास की मला वाटायचं, हे संपू नये. आता मी हात मांडीवर ठेवून बसते आणि तू कधी थांबतोस याची वाट बघते. हे नको लिहायला असं वर्षाराणी म्हणाली. मी म्हटलं, लिही, आम्ही एकमेकांपासून काही राखलेलं नाही.

वहिनीला जयभीम सांग. लोभ तुटलेला नाही. वाढव असं यावेळी म्हणवत नाही.

तुझी,
माया